क्लायंटच्या साइटवर आपल्या हातून मोठी चूक झाली तर: पहिल्या मिनिटापासून शेवटच्या हिशोबापर्यंत

एका वस्तूची किंमत बदलायची होती. क्लायंटच्या ऑनलाइन दुकानाचा डेटाबेस समोर उघडा होता, दुपारचे चार वाजून गेले होते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा आदेश, लिहिली, एंटर दाबलं आणि खाली उत्तर आलं: १,८६० ओळी बदलल्या. कोणत्या ओळी बदलायच्या हे सांगणारी 'व्हेअर'ची अट लिहायची राहून गेली होती. दुकानातल्या प्रत्येक वस्तूला एकच किंमत लागली होती आणि दुकान चालू होतं.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत मी जे केलं ते या चुकीपेक्षा कितीतरी महागात पडलं. घाबरून मी रात्री दोनचा बॅकअप थेट चालू डेटाबेसवर चढवला. किमती परत आल्या, पण त्या दिवशी तोवर आलेल्या ३७ ऑर्डरी पुसल्या गेल्या. लोकांचे पैसे कापले गेले होते आणि दुकानाकडे त्यांची नोंदच उरली नव्हती. किमतींचा घोळ बॅकअपमधून एक टेबल काढून पंधरा मिनिटांत निस्तरला असता. ऑर्डरी जुळवायला मात्र तीन दिवस गेले.

पुढचं सगळं त्या तीन दिवसांतून आणि नंतर इतरांच्या अशाच प्रसंगांत मदत करताना जमलेलं आहे. पहिली चूक बहुतेक वेळा दुरुस्त होण्यासारखी असते. घाईतली दुसरी चूक परतीचे रस्ते बंद करते. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मी फार गांभीर्याने घेतो.

पायरी १: हात कीबोर्डवरून काढा आणि कागद घ्या

हे अक्षरशः करा. कागदावर चार गोष्टी लिहा: घड्याळातली वेळ, नेमकी कोणती कमांड किंवा कोणतं बटण दाबलं, कोणत्या सर्व्हरवर, आणि पडद्यावर काय उत्तर आलं. दोन तासांनी यातलं निम्मंही नीट आठवत नाही. पुढे डेटाबेस 'चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंत' परत न्यायचा असेल, तर तो क्षण कोणता हे या कागदावरूनच कळणार आहे. सर्व्हरच्या लॉगमधली वेळ आणि तुमच्या मनगटावरची वेळ वेगवेगळ्या टाइमझोनमधली असू शकते, म्हणून दोन्ही लिहा.

काहीही बंद करू नका. टर्मिनलमध्ये वर सरकवलं तर जुनी उत्तरं दिसतात. एडिटरमध्ये 'अनडू' शिल्लक असतं. ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये जुनं पान अजून उघडं असेल, तर ते रिफ्रेश न करता सेव्ह करा. पुसला गेलेला पूर्ण मजकूर अशा एका टॅबमधून परत मिळालेला मी पाहिला आहे.

पायरी २: नुकसान वाढणं थांबवा

साइट बंद करायची की चालू ठेवायची, हा इथला पहिला निर्णय. माझी कसोटी साधी आहे: साइट चालू राहिल्याने दर मिनिटाला नवा चुकीचा व्यवहार होतोय का? चुकीच्या किमतीला ऑर्डरी येत असतील, एकाची माहिती दुसऱ्याला दिसत असेल किंवा चुकीचे ईमेल सुटत असतील, तर लगेच बंद करा. नुसतं पान वेडंवाकडं दिसत असेल तर राहू द्या. ते पाहणाऱ्याला खटकेल, पण दुरुस्तीच्या आड येणार नाही.

बंद करताना सर्व्हरने ५०३ हा कोड द्यायला हवा. त्याचा अर्थ 'तात्पुरतं बंद, नंतर या' असा होतो आणि सर्च इंजिनं तो तसाच समजून घेतात. नेहमीच्या २०० कोडसह 'साइट दुरुस्तीत आहे' असं पान दाखवलं, तर गूगल त्यालाच तुमचं खरं पान समजू शकतं. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीची स्वतःची मेंटेनन्सची फाइल ५०३ देते, पण त्या फाइलमध्ये लिहिलेल्या वेळेनंतर दहा मिनिटं उलटली की वर्डप्रेस ती धरत नाही आणि साइट आपोआप उघडते. लांबणारं काम असेल तर त्या फाइलवर विसंबू नका.

मग ज्या गोष्टी आपोआप चालतात त्या थांबवा: क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), ईमेलची रांग, दुसऱ्या प्रणालीशी चालणारं सिंक. आणि सगळ्यात आधी रोजचा बॅकअप. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. बऱ्याच ठिकाणी ठरावीक इतकेच बॅकअप ठेवले जातात. आज रात्री नवा बॅकअप झाला की तो बिघडलेल्या साइटचा असेल आणि सगळ्यात जुना, कदाचित तुम्हाला हवा असलेला, गळून पडेल. होस्टिंगवाल्यांना तिकीट टाकून विचारा की त्यांच्याकडे कोणते स्नॅपशॉट (सर्व्हरच्या त्या-त्या क्षणाच्या प्रती) आहेत, आणि ते पुसू नका असं लेखी सांगा.

पायरी ३: बिघडलेल्या साइटचीच प्रत घ्या

मला तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर ३७ ऑर्डरी वाचल्या असत्या. आत्ता साइट ज्या अवस्थेत आहे, मोडकी का असेना, तिचा पूर्ण डेटाबेस आणि सगळ्या फाइली आधी बाजूला काढून ठेवा. नावात तारीख, वेळ आणि 'बिघडलेली' हा शब्द घाला. ही प्रत झाल्याशिवाय दुरुस्तीची एकही कमांड चालवायची नाही.

कारण असं आहे की बिघडलेल्या डेटाबेसमध्ये एक कोपरा चुकीचा असतो आणि उरलेलं सगळं ताजं, खरं असतं: सकाळपासूनच्या ऑर्डरी, नवे सभासद, बदललेले पासवर्ड, फॉर्ममधून आलेले निरोप. जुन्या बॅकअपमध्ये यातलं काहीच नसतं. दोन्ही हातात असतील तरच दोन्हींतलं चांगलं घेता येतं.

पायरी ४: क्लायंटला फोन करा

नेमकं काय झालं ते पूर्ण कळेपर्यंत थांबावंसं वाटतं. थांबू नका. वरच्या तीन पायऱ्या साधारण अर्ध्या तासात होतात आणि त्यानंतरचं पहिलं काम हा फोन. त्यांच्या एखाद्या ग्राहकाकडून त्यांना आधी कळलं, तर पुढे तुम्ही जे सांगाल ते सारवासारव वाटतं. दोघंजण असाल तर एकाने फक्त दुरुस्ती करावी आणि दुसऱ्याने फक्त बोलावं. दोन्ही कामं एकाच डोक्याने करायला गेलं की दोन्हीकडे घोटाळा होतो.

मी आता साधारण असं बोलतो:

"मॅडम, एक गंभीर गोष्ट सांगायची आहे. चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातून एक चुकीची कमांड गेली आणि साइटवरच्या सगळ्या किमती बदलल्या. साइट मी तात्पुरती बंद केली आहे, त्यामुळे आता चुकीच्या किमतीला नवी ऑर्डर येणार नाही. मधल्या वीस मिनिटांत किती ऑर्डरी आल्या ते तपासतोय. सगळ्या डेटाची प्रत घेतलेली आहे. साडेपाचला मी पुन्हा फोन करतो, तोवर काम झालेलं असो वा नसो. तोपर्यंत तुमच्याकडून एकच हवंय: पेमेंट गेटवेच्या खात्यातून आजच्या व्यवहारांची यादी."

यात काय झालं, कोणाकडून झालं, आत्ता काय स्थिती आहे आणि पुढचा फोन कधी, एवढं आलं. 'सर्व्हरला प्रॉब्लेम आला' किंवा 'काहीतरी टेक्निकल इश्यू आहे' असं बोलू नका. उद्या लॉगमध्ये तुमचंच नाव दिसतं, आणि मग पहिल्या चुकीला खोटेपणाचा डाग लागतो. माफी एकदा, स्पष्ट शब्दांत मागावी. दर वाक्याला मागितली की समोरच्यालाच तुम्हाला धीर देत बसावं लागतं. पैशाचं आश्वासनही या फोनवर देऊ नका, कारण नुकसान किती ते अजून तुम्हालाच माहीत नाही.

आणि साडेपाचला फोन खरंच करा. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी.

पायरी ५: शेजारी उभं करा, वर चढवू नका

बॅकअप कधीही थेट चालू साइटवर रिस्टोअर करायचा नाही. एक नवा, रिकामा डेटाबेस तयार करा, बॅकअप त्यात उघडा, नीट पाहा आणि मग हवं तेवढंच उचलून चालू डेटाबेसमध्ये न्या. माझ्या प्रसंगात किमतींचा फक्त एक रकाना हवा होता. दोन्ही टेबलांतला वस्तूचा क्रमांक जुळवून तो रकाना परत भरणं ही एका क्वेरीची गोष्ट होती.

डेटाबेस मायएसक्यूएल या प्रणालीचा असेल आणि त्याचा बायनरी लॉग चालू असेल, तर याहून चांगली सोय आहे. त्या लॉगमध्ये डेटाबेसमधला प्रत्येक बदल क्रमाने नोंदलेला असतो. बाजूच्या डेटाबेसमध्ये रात्रीचा बॅकअप उघडायचा, त्यावर लॉगमधले बदल पुन्हा चालवायचे आणि चुकीच्या क्वेरीच्या अगदी आधी थांबायचं. चुकीच्या एक सेकंद आधीची अवस्था हाती येते. मायएसक्यूएल ८.० पासून हा लॉग मुळातच चालू असतो आणि ठरवून बदललं नसेल तर ३० दिवस टिकतो. थांबायची जागा वेळेऐवजी लॉगमधल्या पोझिशनने द्या, कारण एकाच सेकंदात अनेक बदल झालेले असतात. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर हा लॉग आपल्या हातात नसतो, पण विचारायला काय हरकत आहे?

वर्डप्रेसवर डोमेनचं नाव बदलताना सरळ एसक्यूएलने (क्वेरीच्या भाषेने) 'शोधा आणि बदला' केलं असेल, तर वेगळंच संकट येतं. काही माहिती सीरियलाइझ करून साठवलेली असते, म्हणजे प्रत्येक शब्दाआधी त्याची लांबी लिहिलेली असते. शब्द बदलला पण लांबीचा आकडा तोच राहिला की ती सगळी माहिती वाचता येईनाशी होते आणि विजेट, थीमची सेटिंग्ज अचानक गायब झाल्यासारखी दिसतात. ती पुसलेली नसतात. बदलाआधीची प्रत शेजारी उघडा आणि तेच काम डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड चालवण्याच्या साधनातल्या सर्च-रिप्लेसने करा. त्याला लांबीचं भान असतं, आणि आधी 'ड्राय-रन' करून किती जागा बदलणार ते बघता येतं.

फाइली उडाल्या असतील तर काम त्यामानाने सोपं. कोड गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात) असेल तर परत येतोच, आणि कमिट, म्हणजे त्यात जपलेले टप्पे, हरवल्यासारखे वाटले तरी रीफ्लॉगमध्ये (गिटच्या स्वतःच्या नोंदवहीत) बहुतेक सापडतात. अपलोड केलेली चित्रं मात्र सहसा गिटमध्ये नसतात, ती बॅकअपमध्येच शोधावी लागतात.

डोमेनच्या नोंदी चुकल्या असतील तर आधीची मूल्यं परत भरा आणि वाट पाहा. नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती किती वेळ जपून ठेवायची तो आकडा) ८६,४०० सेकंद असेल तर ज्यांनी चुकीची नोंद उचलली आहे त्यांच्याकडे ती २४ तास राहू शकते. आता टीटीएल कमी करून त्यांना फरक पडत नाही. या काळात जुनं होस्टिंग बंद करू नका. ईमेलच्या एमएक्स नोंदी (टपाल कोणत्या सर्व्हरकडे जायचं ते सांगणाऱ्या) मात्र सगळ्यांत आधी बघा. टपालाच्या सर्व्हरशी संपर्कच झाला नाही, तर पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे पत्रं उशिरा का होईना पोचतात. पण चुकीच्या सर्व्हरने 'असा पत्ताच इथे नाही' असं ठाम सांगितलं, की पत्र तिथल्या तिथे परत जातं.

स्टेजिंगवरची (साइटच्या चाचणीच्या प्रतीवरची) 'सर्च इंजिनांनी येऊ नये' ही खूण लाइव्ह साइटवर तशीच गेली असेल, तर ती काढा, रोबोट्सची फाइल (सर्च इंजिनांनी कुठे जाऊ नये ते सांगणारी) तपासा आणि गूगलच्या सर्च कन्सोलमधून मुख्य पानं पुन्हा तपासायला सांगा. रोबोट्सच्या फाइलनेच रस्ता अडवलेला असेल, तर खूण काढल्याचं गूगलला दिसणारच नाही, म्हणून दोन्ही बघायचं. पुढे काही दिवस धीर धरावा लागतो.

बॅकअपच नसेल तर

असं होतं, आणि चांगल्या कंपन्यांतही होतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसतोय असं समजून मुख्य सर्व्हरवरचा पुसला. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला. मग कळलं की रोजचा बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे होतच नव्हता, आणि तो फसल्याचे इशारे देणारे ईमेलही पोचत नव्हते. कामाला आली ती सुमारे सहा तास आधी स्टेजिंगसाठी घेतलेली एक प्रत. त्यांनी दुरुस्ती चालू असतानाच सगळ्या नोंदी जगासमोर उघड्या ठेवल्या. मला त्यांचा हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

तेव्हा 'बॅकअप' हे नाव नसलेल्या प्रती शोधा. स्टेजिंग साइट, सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरची लोकल प्रत, मागे कधीतरी ईमेलने पाठवलेली एक्सपोर्ट फाइल, होस्टिंगचे स्वतःचे स्नॅपशॉट, एखाद्या प्लगइनने गुपचूप घेतलेला बॅकअप. वर्डप्रेसमध्ये ट्रॅशमधला मजकूर ३० दिवस राहतो आणि पानांच्या जुन्या रिव्हिजन डेटाबेसमध्येच असतात. सीडीएनच्या (साइटच्या फाइलींच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या) कॅशेमध्ये चित्रं असू शकतात, म्हणून ती कॅशे घाईने रिकामी करू नका. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानांच्या जुन्या प्रती मिळतात. मांडणी अर्धवट असते, पण मजकूर हाती लागतो.

पायरी ६: मधल्या वेळेचा हिशोब

साइट दिसायला लागली की सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटतो. पण क्लायंटचं खरं नुकसान बहुतेक वेळा इथे लपलेलं असतं.

माझ्या त्या ३७ ऑर्डरी अशा परत मिळाल्या. पेमेंट गेटवेकडून व्यवहारांची यादी घेतली: रक्कम, वेळ, संदर्भ क्रमांक. दुकानाच्या इनबॉक्समध्ये प्रत्येक ऑर्डरचा 'नवी ऑर्डर आली' हा ईमेल पडलेला होता, त्यात वस्तू आणि पत्ता होता. दोन्ही याद्या एका स्प्रेडशीटमध्ये समोरासमोर मांडल्या. ३४ जुळल्या. उरलेल्या तिघांचे पैसे आले होते पण ईमेल स्पॅममध्येही नव्हता. त्यांना क्लायंटने स्वतः फोन केले.

तेवढ्यात एक नवा घोळ उघडकीला आला. जुना बॅकअप चढवल्यावर ऑर्डर क्रमांकाचा आपोआप वाढणारा आकडाही मागे गेला होता. म्हणजे रिस्टोअरनंतर आलेल्या नव्या ऑर्डरींना पुसलेल्या ऑर्डरींचेच क्रमांक मिळत होते. दोन वेगळ्या माणसांच्या हातात एकाच क्रमांकाच्या पावत्या! जुनी प्रत वापरावीच लागली, तर साइट उघडण्याआधी तो आकडा शंभर-दोनशेने पुढे सरकवा. शिल्लक मालाची संख्याही हाताने जुळवा, नाहीतर संपलेली वस्तू पुन्हा विकली जाते.

चुकीच्या किमतीला आलेल्या ऑर्डरींचं काय करायचं, हा निर्णय क्लायंटचा. तुम्ही फक्त स्वच्छ यादी द्या: नाव, रक्कम, योग्य रक्कम, फरक. चुकीचे ईमेल गेले असतील तर ते परत घेता येत नाहीत. एक छोटं, सरळ स्पष्टीकरण पाठवा, तेही क्लायंटने वाचून होकार दिल्यावर.

कोणाची खासगी माहिती बाहेर गेल्याची शंका असेल तर हे काम तांत्रिक राहत नाही. कळवण्याच्या कायदेशीर मुदती लागू होऊ शकतात. युरोपियन युनियनच्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, व्यक्तींना धोका संभवत असेल तर, नियामकाला कळवण्याची मुदत माहिती झाल्यापासून ७२ तास आहे. त्याच दिवशी क्लायंटने वकिलाशी बोलावं असं सुचवा. लॉग पुसू नका.

पायरी ७: तपासणी, मग लेखी अहवाल

लॉग-इन न करता, दुसऱ्या यंत्रावरून आणि मोबाइल डेटावरून साइट पाहा. एक खरी खरेदी करून बघा, शेवटच्या पावतीपर्यंत. फॉर्म भरा आणि ईमेल पोचतो का ते पाहा. थांबवलेला क्रॉन आणि बॅकअप पुन्हा सुरू केलात ना? हे हमखास विसरतं.

अहवाल दुसऱ्या दिवशी द्या, एक-दोन पानांचा. पायरी १ चा कागद इथे कामी येतो: मिनिटानिशी घटनाक्रम, कोणावर किती परिणाम झाला, काय परत आलं, काय आलं नाही. 'काय आलं नाही' हे वाक्य गाळू नका. कारण लिहिताना 'लक्ष नव्हतं' एवढ्यावर थांबू नका, त्यातून क्लायंटला काही हाती लागत नाही. अट नसलेली क्वेरी चालू डेटाबेसवर चालूच कशी शकली, याचं उत्तर लिहा.

दुरुस्तीच्या तासांचं बिल मी लावत नाही. भरपाईबद्दल करारात काय आहे ते पाहून, आकडा समोर ठेवून बोलावं. व्यावसायिक विमा असेल तर विमा कंपनीला लवकर कळवा आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय रक्कम कबूल करू नका.

पायरी ८: त्याच आठवड्यात करायचे बदल

मायएसक्यूएलला आदेश देण्याच्या प्रोग्रॅममध्ये 'सेफ-अपडेट्स' चालू केलं की किल्लीच्या रकान्यावरची अट किंवा ओळींची मर्यादा नसलेली बदलाची क्वेरी तो चालवतच नाही. मी ते सगळीकडे चालू केलं. बदल करायचाच असेल तर ट्रान्झॅक्शन (मागे घेता येणारा व्यवहार) उघडून करतो, किती ओळी बदलल्या ते वाचतो आणि मगच कमिट, म्हणजे पक्कं करतो. टेबल ड्रॉप (काढून टाकणं) किंवा ट्रंकेट (रिकामं करणं) करताना मात्र हा आधार मिळत नाही, मायएसक्यूएलमध्ये ते लगेच पक्कं होतं. लाइव्ह सर्व्हरच्या टर्मिनलची पार्श्वभूमी लाल केली. रोजच्या पाहणीसाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं वेगळं खातं काढलं.

त्या क्लायंटने काम काढून घेतलं नाही. महिन्याभराने त्यांनी विचारलं, "समजा उद्या सगळंच गेलं, तर किती वेळात परत उभं राहील?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून दर महिन्याला एकदा मी त्यांचा बॅकअप कोऱ्या सर्व्हरवर उघडतो, एक खोटी ऑर्डर टाकून बघतो आणि घड्याळ लावून वेळ मोजतो. गेल्या वेळी ३४ मिनिटं लागली. तो आकडा मी त्यांना त्याच दिवशी कळवला.